उमेदवार नेमका कुणाशी वाद घालतो?

२६ सप्टेंबर १९६० च्या रात्री शिकागोतल्या एका टीव्ही स्टुडिओत जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन समोरासमोर आले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुख्य उमेदवारांची टीव्हीवर झालेली ती पहिली डिबेट. तिच्याबद्दल ज्याला त्याला एक गोष्ट हमखास ठाऊक असते: निक्सन यांना घाम फुटला होता. गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठलेले, वजन उतरलेलं, अंगातला फिका करडा सूट मागच्या भिंतीत विरून गेलेला. जोडीला दुसरी गोष्ट येतेच, की रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी. ही इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला कुणी पुरावा मागत नाही. प्रत्यक्षात तिच्यामागे मुख्यतः एकाच पाहणीचा आधार आहे, आणि त्या पाहणीत रेडिओ ऐकणारे लोक थोडकेच होते. मला या घामाच्या गोष्टीचा राग येतो, कारण त्या रात्री जे बोललं गेलं ते तिने झाकून टाकलं.

केनेडींनी सुरुवात लिंकनपासून केली. १८६० साली प्रश्न होता की हा देश अर्धा गुलाम आणि अर्धा स्वतंत्र असा टिकू शकेल का. १९६० साली प्रश्न आहे की जग तसं टिकू शकेल का. डिबेटचा ठरलेला विषय देशांतर्गत कारभार हा होता, तरी पहिल्या मिनिटातच त्यांनी सगळा पट जगाएवढा केला. मग "मी समाधानी नाही" हे पालुपद सुरू झालं. पोलाद कारखान्यांची निम्मी क्षमता पडून आहे, मी समाधानी नाही. सोव्हिएत रशिया आपल्या दुप्पट शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर घडवतो आहे, मी समाधानी नाही. यानंतर निक्सन यांची पाळी आली, आणि त्यांचं पहिलंच वाक्य साधारण असं होतं: सिनेटर केनेडी जे म्हणाले त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्यापैकी अनेकांना मान्य होतील. पुढे त्यांनी एकेक मुद्दा घेतला, आकडे दिले, खोडून काढलं.

मी वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसते. तिथे निक्सन यांच्यासारख्या स्पर्धकाला मी भरघोस गुण देते. मुद्द्याला मुद्दा, आकड्याला आकडा, प्रतिपक्षाशी सौजन्य. पण देश पुढे चालला आहे की थबकला आहे, हा प्रश्न केनेडींनी मांडला होता, आणि निक्सन यांनी तो निमूट स्वीकारून उत्तर द्यायला सुरुवात केली. आठ वर्षं उपाध्यक्षपदी असलेल्या माणसाला "मी समाधानी नाही" म्हणायची सोय नव्हती, हे मान्य. तरीही वाद कशावर होणार हे दुसऱ्याने ठरवल्यावर उत्तरं कितीही चोख असली तरी ती त्याच्या अंगणातच पडतात.

त्या रात्रीचा आणखी एक साधा तपशील मला फार बोलका वाटतो. केनेडी बोलताना कॅमेऱ्यात बघत होते, म्हणजे घरी बसलेल्या माणसाकडे. निक्सन बऱ्याचदा केनेडींकडे वळून बोलत होते. आता समोर उभा असलेला प्रतिस्पर्धी काही आपलं म्हणणं पटवून घेणार नसतो. पटवायचं असतं ते तिसऱ्याला. तो दिसत नाही, मध्येच उठून जाऊ शकतो, आणि त्याच्या मनात कुठलीतरी शंका आधीपासून घर करून बसलेली असते. या माणसावर विसंबता येईल का? याचं वय झालं आहे का? आमचं जगणं याला कळतं का? जुन्या डिबेट्स पुन्हा पुन्हा पाहताना माझं मत पक्कं होत गेलं आहे की उमेदवाराचा खरा वाद या शंकेशी असतो. तिला हात घालणारा ऐकणाऱ्याला आपल्याकडे ओढून नेतो. मात्र शंकेचं निरसन करणं वेगळं आणि तिला थोपटून झोपवणं वेगळं, आणि पडद्यावर ही दोन्ही कामं दिसायला अगदी सारखी दिसतात.

भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार फार पूर्वीच वेगळे करून ठेवले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि त्यात शब्दच्छल, फसवी प्रत्युत्तरं हे सगळं चालतं. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खंडन करत राहणं ही वितंडा. निवडणुकीची डिबेट उघडच जल्पात मोडते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. सत्ता मागायला उभा राहिलेला माणूस जिंकण्यासाठीच बोलणार. पण जल्प करणाऱ्याला निदान स्वतःचा पक्ष तरी मांडावा लागतो. पाहताना मी ही एक खूण कायम लक्षात ठेवते: दीड तासात या उमेदवाराने स्वतःचं असं काय मांडलं, की खोडून काढता येईल?

टोले गाजतात हे खरंच आहे, आणि काही टोले खरोखर देखणे असतात. २८ एप्रिल १९८८ रोजी फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ आणि त्यांचेच पंतप्रधान जाक शिराक उमेदवार म्हणून एकमेकांसमोर बसले होते. शिराक म्हणाले, आज रात्री मी पंतप्रधान नाही आणि तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही, आपण दोन समान उमेदवार आहोत, तेव्हा मी तुम्हाला श्रीयुत मित्तराँ म्हणेन. मित्तराँ उत्तरले, "अगदी बरोबर बोललात, पंतप्रधान महोदय." एवढंच. शब्दांनी पूर्ण होकार, आणि संबोधनाने शिराक यांना पुन्हा त्यांच्या खुर्चीत बसवून दिलं. मला यातलं कसब आवडतं, कारण तिथे खरोखरच पायरीचा प्रश्न होता: दोघांत मोठं कोण? शिराक यांनी बरोबरीचा दावा केला आणि मित्तराँ यांनी तो दावा मान्य करत करतच कोसळवला.

रोनाल्ड रेगन यांचा १९८४ चा प्रसिद्ध विनोद मात्र मला अस्वस्थ करतो. पहिल्या डिबेटमध्ये ते अडखळले होते, त्यांचं वय ७३, आणि सगळीकडे एकच कुजबुज होती. २१ ऑक्टोबरला कॅन्सस सिटीत एका पत्रकाराने तो विषय काढला. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात केनेडींना दिवसचे दिवस जेमतेम झोपेवर काढावे लागले होते. तशा परिस्थितीत तुम्ही काम करू शकाल याबद्दल तुमच्या मनात काही शंका आहे का? रेगन म्हणाले, अजिबात नाही, आणि पुढे जोडलं की या प्रचारात मी वयाचा मुद्दा करणार नाही. माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा मी उठवणार नाही. प्रतिस्पर्धी वॉल्टर मोंडेल तेव्हा ५६ वर्षांचे, माजी उपाध्यक्ष. सभागृह हसलं, मोंडेलही हसले. आपण निवडणूक हरलो हे त्याच क्षणी उमगलं, असं पुढे एका मुलाखतीत मोंडेल यांनीच सांगितलं.

प्रश्न काय होता ते पुन्हा वाचा. झोपेविना, दडपणाखाली निर्णय घेण्याची कुवत आहे का, असा तो होता. त्याला मिळालेलं उत्तर म्हणजे एक नकार आणि एक विनोद. म्हातारा माणूस इतका तल्लख बोलतो म्हणजे तो ठीकच असणार, असं अनुमान प्रेक्षकाने आपलं आपण काढलं. पुढे अभ्यासकांनी याच डिबेटच्या चित्रफितीवर प्रयोग केला. काहींना मूळ फीत दाखवली, काहींना विनोद तसेच ठेवून सभागृहाचा हशा तेवढा काढून टाकलेली. हशा काढलेली फीत पाहणाऱ्यांनी रेगन यांना बरेच कमी गुण दिले. वाक्य तेच, माणूस तोच, फक्त सोबत हसणारे लोक नाहीत. ब्रिटनमध्ये २०१० च्या निवडणुकीतल्या तिसऱ्या डिबेटच्या वेळी असाच एक प्रयोग झाला. पडद्याच्या तळाशी प्रेक्षकांची पसंती दाखवणारी रेषा वरखाली सरकते, ती संशोधकांनी मुद्दाम एका उमेदवाराकडे झुकवली, आणि पाहणाऱ्यांना तोच उमेदवार जिंकला असं वाटू लागलं. हे वाचल्यापासून अशी रेषा दिसली की मी पडद्याचा तो भाग झाकून घेते.

अर्थात रात्र जिंकणं आणि निवडणूक जिंकणं यांत अंतर असतं. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या पहिल्या डिबेटनंतर लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि निकालात त्यांच्या पक्षाच्या जागा ६२ वरून ५७ वर आल्या.

मला सर्वात जास्त शिकवून जाणारी डिबेट १५ ऑक्टोबर १९९२ ची, रिचमंडमधली. तिथे प्रश्न सामान्य मतदार विचारत होते. एक तरुण बाई उभी राहिली. राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या प्रत्येकाच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? आणि झाला नसेल, तर सामान्य लोकांना काय सलतं याचा अनुभव नसताना तुम्ही त्यांच्या आर्थिक दुखण्यावर इलाज कसा शोधणार? ती बोलत असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. कॅमेऱ्याने ते टिपलं, आणि आज लोकांच्या लक्षात तेवढंच आहे.

खरी पडझड त्यानंतरच्या संवादात आहे. बुश म्हणाले, राष्ट्रीय कर्जाचा परिणाम सगळ्यांवरच होतो. बाईने मध्येच सांगितलं, तुमच्यावर, व्यक्तिशः. बुश व्याजदरांकडे वळले. तिने पुन्हा अडवलं. मग ते म्हणाले, ज्याची ऐपत आहे त्याला कर्जाची झळ लागत नाही असं तुम्हाला सुचवायचं आहे का? मला प्रश्न नीट कळला नाही, मदत करा, मी उत्तर द्यायचा प्रयत्न करेन. यात त्यांचा अप्रामाणिकपणा मला दिसत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात राष्ट्रीय कर्ज आणि मंदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि बाईंचा प्रश्न त्या दोन्ही एकत्र करत होता. सूत्रसंचालिकेने तसा खुलासाही केला की यांना कर्जापेक्षा मंदीबद्दल विचारायचं असावं. बुश प्रश्नातल्या शब्दांशी झगडत राहिले.

बिल क्लिंटन उठले आणि चालत तिच्यापर्यंत गेले. पहिलं वाक्य प्रश्नार्थक होतं: तुमच्यावर कसा परिणाम झाला ते मला पुन्हा सांगा. नोकऱ्या गेलेले, घरं गेलेले लोक तुमच्या ओळखीचे आहेत ना? मग ते म्हणाले, मी १२ वर्षं एका छोट्या राज्याचा गव्हर्नर आहे. माझ्या राज्यात कुणाची नोकरी गेली तर बहुधा मी त्याला नावाने ओळखत असतो. त्यानंतरच ते धोरणाकडे आले: गुंतवणूक, रोजगार, शिक्षण. यात अभिनय होता का? असेल. चालत जाण्याची, डोळ्यांत बघण्याची तालीम झालेली असणार. पण त्या बाईचा प्रश्न कर्जाच्या आकड्याबद्दल नव्हता, हे ओळखणं तालमीने येत नाही; त्यासाठी प्रश्न संपेपर्यंत ऐकावं लागतं. डिबेटमधलं ऐकणं हे बोलण्याइतकंच राजकीय काम आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला गुण देणारं कुणीच नसतं.

आता माझ्या या मताला सर्वात जड जाणारी गोष्ट सांगायला हवी. १३ ऑक्टोबर १९८८, लॉस एंजेलिस. डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस फाशीच्या शिक्षेचे जुने विरोधक. सूत्रसंचालक बर्नार्ड शॉ यांनी पहिलाच प्रश्न टाकला: उद्या किटी डुकाकिस यांच्यावर बलात्कार होऊन त्यांचा खून झाला, तर खुन्याला फाशी व्हावी असं तुम्ही म्हणाल का? किटी म्हणजे डुकाकिस यांची पत्नी. डुकाकिस एका सुरात म्हणाले, नाही, मी म्हणणार नाही, आणि मी आयुष्यभर फाशीला विरोध केला आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. फाशीने गुन्ह्यांना जरब बसते असा काही पुरावा मला दिसत नाही. तिथून ते आपल्या राज्यातल्या गुन्हेगारीकडे आणि अमली पदार्थांविरुद्धच्या लढ्याकडे गेले.

हे उत्तर मी अनेकदा वाचलं आहे. प्रश्नाला थेट उत्तर आहे, तत्त्वाशी सुसंगत आहे, पुराव्याची भाषा आहे. वादविवादाच्या कुठल्याही कसोटीवर ते उतरतं. आणि याच उत्तराने त्यांचं अतोनात नुकसान केलं, कारण पाहणाऱ्यांना जाणून घ्यायचं होतं की या माणसाला राग येतो का, दुःख होतं का. पत्नीचं नाव ऐकूनही त्यांचा आवाज हलला नाही. "माझ्या हातात सापडला तर मी काय करेन सांगता येत नाही, म्हणूनच शिक्षा माझ्या हातात नसावी, कायद्याच्या हातात असावी" असं ते म्हणू शकले असते. त्यांची भूमिका तसूभरही बदलली नसती. पण मतदारांनी प्रामाणिक उत्तराला शिक्षा केली, हे मला आजही टोचतं. प्रश्न क्रूर होता. आणि जो माणूस स्वतःच्या बायकोच्या खुन्यापुढेही तत्त्व सोडणार नाही असं शांतपणे सांगतो, त्याच्या हाती सत्ता देताना भीती वाटावी की विश्वास वाटावा, यावर त्या रात्रीनंतर फारच थोड्यांनी विचार केला. शंकेला हात घालणं हे कौशल्य आहे. सद्गुण त्याच्या सोबत येईलच असं नाही.

शंका झोपवण्याची सर्वात सराईत रीत म्हणजे प्रश्नाला बगल देणं, आणि ती इतकी चालते याचं कारण आपलं लक्ष. टॉड रॉजर्स आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांचा २०११ चा एक अभ्यास आहे. आरोग्यसेवेबद्दलचं एकच उत्तर त्यांनी वेगवेगळ्या प्रश्नांना जोडून लोकांना दाखवलं. काहींना प्रश्नही आरोग्यसेवेचाच होता, काहींना अमली पदार्थांच्या समस्येचा, काहींना दहशतवादाविरुद्धच्या युद्धाचा. दहशतवादाचा प्रश्न ऐकलेल्यांना चलाखी कळली. अमली पदार्थांचा प्रश्न ऐकलेल्या बहुतेकांना कळलीच नाही. मूळ प्रश्न काय होता हेसुद्धा अनेकांना आठवेना. दुसरा प्रश्न जवळपासचा असला आणि उत्तर ओघवतं असलं की काम झालं. उलट, विचारलं त्याचंच उत्तर अडखळत देणारा लोकांच्या मनातून उतरतो. उपाय मात्र अगदी साधा निघाला: उत्तर चालू असताना प्रश्न पडद्यावर लिहून ठेवला, तर बगल देणं लोकांच्या लक्षात येऊ लागतं. पडद्यावर नावं येतात, पट्ट्या धावतात, उलटी मोजणी चालते. प्रश्नाच्या एका ओळीला जागा नसावी याचं मला वाईट वाटतं. हल्ली मी कागद घेऊन बसते, प्रश्न लिहिते आणि उत्तर संपल्यावर त्याच्याकडे पाहते.

दुसरा उपाय म्हणजे उपप्रश्न. त्याची ताकद ६ ऑक्टोबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दिसली. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही आणि माझ्या राजवटीत ते कधी असणारही नाही. पोलंडमध्ये तेव्हा सोव्हिएत फौजा होत्या. प्रश्न विचारणारे न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकेल चमकले, आणि त्यांनी फोर्ड यांना वाक्य सुधारायची संधी दिली: माफ करा, मला नीट समजलं का, की रशिया पूर्व युरोपला आपल्या प्रभावाखाली ठेवत नाही असं तुम्ही म्हणता आहात? फोर्ड यांनी युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड एकेक करून मोजले आणि तेच पुन्हा सांगितलं. त्यांना बहुधा म्हणायचं होतं की तिथल्या जनतेने हे जोखड मनाने स्वीकारलेलं नाही आणि अमेरिकाही ते मानत नाही. युरोपातल्या सीमा मान्य करणाऱ्या १९७५ च्या हेलसिंकी करारात पूर्व युरोप रशियाच्या पदरात टाकला, या आरोपाचं उत्तर देण्याच्या नादात ते होते. म्हणजे पुन्हा तेच: आरोप खोडताना घरी बसलेला पोलिश वंशाचा मतदार नजरेआड झाला, आणि प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांनी लगेच त्याचंच नाव घेतलं. गंमत अशी की लगेचच्या चाचण्यांत बऱ्याच लोकांना फोर्ड सरस वाटले होते. दुसऱ्या दिवशी वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी ते वाक्य लावून धरल्यावर पारडं फिरलं.

त्या उपप्रश्नाला जेमतेम काही सेकंद लागले असतील. हल्लीच्या नियमांत माझ्या मते सगळं लक्ष आवाज आवरण्याकडे गेलं आहे. २०२० मध्ये क्लीव्हलँडला ट्रम्प आणि बायडेन यांच्यात इतकी तोडातोडी झाली की पुढच्या डिबेटमध्ये माइक बंद ठेवण्याची सोय करावी लागली. २७ जून २०२४ ला अटलांटात तर प्रेक्षकही नव्हते आणि माइकही पाळीपाळीने चालू होते. त्या शांततेत बायडेन यांची वाक्यं तुटताना सगळ्यांनी ऐकली, आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. वयाची तीच शंका, १९८४ चीच, पण या वेळी ती झोपवायला ना विनोद होता ना हसणारं सभागृह.

शांतता हवीच. पण नुसती शांतता पुरत नाही. २००४ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश (१९९२ च्या बुश यांचे पुत्र) आणि जॉन केरी यांच्या प्रचारपथकांनी डिबेटच्या नियमांचा ३२ पानी करार केला होता, आणि त्यात उमेदवारांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायचे नाहीत असं कलम होतं. १८५८ साली लिंकन आणि स्टीफन डग्लस इलिनॉयमध्ये सात ठिकाणी भिडले तेव्हा पहिला वक्ता ६० मिनिटं, दुसरा ९० मिनिटं आणि पुन्हा पहिला ३० मिनिटं बोलायचा, आणि ते एकमेकांना प्रश्न विचारायचे. फ्रीपोर्टच्या सभेत लिंकन यांनी विचारलं, अजून राज्य न झालेल्या एखाद्या प्रदेशातले लोक, तिथली स्वतःची घटना बनण्याआधी, कायदेशीर मार्गाने गुलामगिरीला मज्जाव करू शकतात का? डग्लस यांना हो म्हणावं लागलं. गुलामगिरीला संरक्षण देणारे स्थानिक कायदेच केले नाहीत तर ती टिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी सिनेटची जागा त्यांनी राखली. दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी मात्र ते उत्तर विसरलं नाही, आणि १८६० मध्ये डग्लस यांचा पक्ष फुटला.

मला हवी असलेली डिबेट अशी आहे: रात्रीला दोनच विषय, पडद्यावर प्रश्न लिहिलेला, सूत्रसंचालकाला उपप्रश्नाचा हक्क, आणि प्रत्येक उमेदवाराला प्रतिस्पर्ध्याला दोन प्रश्न विचारण्याची मुभा. पसंती दाखवणारी रेषा नको, हसणारं सभागृह नको. उमेदवारांची पथकं हे आपणहून मान्य करणार नाहीत. त्यामुळे डिबेट ठरवण्यासाठी बैठक बसेल तेव्हा वाहिन्यांनीच हा मसुदा पहिल्यांदा टेबलावर ठेवावा, आणि एखादा उमेदवार नको म्हणाला तर कुठल्या कलमाला नको म्हणाला हे त्याच दिवशी बातमीत सांगावं.